तेलाची विहीर : खणणें आणि बांधणें



आपल्या मराठी भाषेंत विहिरीसंबंधीं दोन निरनिराळीं क्रियापदें आहेत. विहीर आधीं खणतात आणि मग ती बांधतात. नुसती खणलेली विहीर जाणत्या गृहस्थाला पुरी वाटत नाहीं. एखादा जोराचा पाऊस झाला, कीं वरची माती आणि मुरूम ढासळून आंत पडतात, पाणी गढूळ होतें, आणि कांहीं वर्षांत तेथें केवळ एक खड्डा उरतो. म्हणून पक्का खडक लागेपर्यंत दगडी बांधकाम करण्याची चाल पडली. आज शहरांतील इमारतींच्या आवारांत जी बोअरची विहीर असते, तिलाही हाच न्याय लागू आहे. वरच्या माती-मुरुमांतून लोखंडाचा किंवा प्लास्टिकचा नळ पक्क्या खडकापर्यंत उतरवितात. त्याला आपण केसिंग म्हणतों. त्याखालीं आपल्या देशावरचा काळा पाषाण स्वतःच भिंतीचें काम करतो, त्याला अस्तर लागत नाहीं.

आजच्या भाषणाचा विषय खनिज तेलाच्या आणि वायूच्या विहिरी हा आहे. ह्या विहिरींचा इतिहास बहुधा खणण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमक्या सालीं इतके फूट, तमक्या सालीं इतके हजार फूट. परंतु बारकाईनें पाहिलें तर असें दिसतें, कीं खोल जाण्याची विद्या मनुष्याला पुष्कळ लौकर साधली. पाडलेलें भोक उभें ठेवणें, त्यांत नको तें शिरूं न देणें आणि हवें तें भलतीकडे सुटूं न देणें, म्हणजेच विहीर बांधणें, ही विद्या त्याला उशिरां आणि मोठी किंमत देऊन साधली. ती पुरती साधली, असें अजूनही छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. जमिनीच्या पोटांत तेलाचें तळें असतें आणि त्यांत नळी घातली कीं तेल वर येतें, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तेथें तळें नसतें. पाण्यांत भिजत ठेवलेली वीट जशी आपल्या बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवते, तसें वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या छिद्रांत तेल भरलेलें असतें. त्याच्या डोक्यावर चिकणमातीच्या घट्ट खडकाचें झांकण असतें, म्हणून तें तेथें कोंडून राहतें; आणि खोल जागीं असल्यामुळें त्यावर प्रचंड दाब असतो. ह्या थरापर्यंत जातांना वाटेंत आणखी अनेक थर लागतात. कोठें विहिरींना पुरणारें गोडें पाणी असतें, कोठें सुटी वाळू, कोठें खारें पाणी, तर कोठें कोंडलेला वायु. निसर्गानें लक्षावधि वर्षें एकमेकांपासून निराळे ठेवलेले हे मजले आपलें एक भोक एकदम जोडून टाकतें. हाच ह्या धंद्यांतील मूळ प्रश्न होय.

हा प्रश्न प्रथम सोडविला तो चीन देशांत, आणि तोही तेलासाठीं नव्हे, मिठासाठीं. सिच्वान प्रांत समुद्रापासून फार दूर. तेथील लोक जमिनीखालचें खारें पाणी काढून तें आटवून मीठ करीत. अकराव्या शतकांत सू शी ह्या प्रसिद्ध कवीनें आणि राजपुरुषानें तेथील नव्या तऱ्हेच्या विहिरींची हकीकत लिहून ठेविली आहे. ह्या विहिरी इ. स. १०४० च्या सुमारास सुरू झाल्या. वाडग्याच्या तोंडाएवढेंच रुंद, परंतु अतिशय खोल असें भोक लोखंडी छिन्नीनें पाडावयाचें. मग मोठाल्या बांबूंच्या आंतील पेरें काढून टाकून ते एकांत एक बसवावयाचे आणि ही लांब नळी भोकांत उतरवावयाची. हेतु काय, तर बाजूंनीं येणारें गोडें पाणी आंत शिरूं नये आणि खालचें खारें पाणी निर्भेळ वर यावें. आज पोलादी नळ जें काम करतो, तें काम नऊशें-हजार वर्षांपूर्वीं बांबूनें केलें होतें.

त्यांची खणण्याची रीतही कौतुकास्पद होती. जड छिन्नी बांबूच्या दोरानें एका तराफेच्या टोकाला टांगलेली असे; दुसऱ्या टोकावर माणसें चढत आणि उतरत, म्हणजे छिन्नी उचलली जाऊन खालीं आपटे. ह्याच रीतीनें इ. स. १८३५ मध्यें जिगोंग येथील शेनहाइ नांवाची विहीर १,००१ मीटर, म्हणजे सुमारें ३,२८० फूट खोल गेली. तींतून खाऱ्या पाण्याबरोबर जळणारा वायुही निघाला, आणि तोच वायु त्या पाण्याच्या कढयांखालीं पेटवून मीठ शिजविण्यांत आलें.

ह्यानंतर चोवीस वर्षांनीं अमेरिकेंत जी विहीर खणली गेली, तिची खोली साडेएकूणसत्तर फूट होती. तरीही आधुनिक तेलधंद्याचा आरंभ लोक तिच्यापासूनच धरतात. तेव्हां तिची कीर्ति खोलीवर उभी नाहीं, हें उघड आहे.

ती विहीर पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील टायटसव्हिल गांवाजवळ एडविन ड्रेक ह्या गृहस्थानें खणली. ड्रेक हा पूर्वीं आगगाडीवर कंडक्टर होता. त्याला 'कर्नल' म्हणत, परंतु तो कधीं सैन्यांत नव्हता. गांवांत वजन पडावें म्हणून कंपनीच्या लोकांनीं पत्रावर तसें लिहिण्यास सुरुवात केली होती. त्याच्या मदतीला विल्यम स्मिथ नांवाचा एक लोहार होता, आणि त्याला मिठाच्या विहिरी खणण्याची माहिती होती. जागा ओढ्याच्या कांठची. सुमारें सोळा फुटांवर गेल्यावर भोकाच्या कडा ढासळूं लागल्या आणि पाणी आंत भरूं लागलें. पंप लावले, तरी पाणी हटेना. गांवकरी ह्या उद्योगाला ड्रेकचें वेड म्हणून हंसत.

तेव्हां ड्रेकनें साध्या परंतु दूरगामी विचाराची गोष्ट केली. बिडाच्या लोखंडाचे दहा दहा फुटांचे नळ आणवून ते त्यानें एकावर एक ठोकून जमिनींत उतरविले. बत्तीस फुटांवर नळाचें टोक खडकाला टेकलें. आतां माती आणि पाणी नळाच्या बाहेर राहिलें, आणि छिन्नी नळाच्या आंतून निर्वेधपणें चालूं लागली. दिवसाला तीन फूट ह्या गतीनें काम चाललें. २७ ऑगस्ट १८५९, शनिवार, ह्या दिवशीं साडेएकूणसत्तर फुटांवर छिन्नी एका कपारींत घसरली आणि माणसें काम थांबवून घरीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं स्मिथनें डोकावून पाहिलें, तों नळांत तेल वर आलेलें दिसलें.

ड्रेकनें आपल्या युक्तीचें पेटंट घेतलें नाहीं. पुढें हजारों लोकांनीं तीच युक्ति वापरून संपत्ति मिळविली. तो मात्र विपन्नावस्थेला पोंचला. १८७३ मध्यें पेन्सिल्व्हेनिया संस्थानानें त्याला सालीना दीड हजार डॉलर तनखा बांधून दिला, आणि १८८० मध्यें तो वारला.

परंतु ड्रेकच्या नळानें प्रश्न अर्धाच सुटला होता. नळ खडकापर्यंत गेला. त्याखालचें भोक उघडेंच होतें. विहिरी शेंकडों फूट खोल जाऊं लागल्या, तेव्हां वरच्या खडकांच्या भेगांतलें पाणी भोकाच्या वाटेनें तेलाच्या थरांत उतरूं लागलें. त्यायोगें ज्याची विहीर त्याचें नुकसान होई, इतकेंच नव्हे, तर शेजाऱ्याच्या विहिरींतही तेलाऐवजीं पाणी येई. ह्यावर त्या वेळच्या लोकांनीं काढलेला उपाय आपल्या गृहिणींनाही पटण्यासारखा आहे. चामड्याच्या पिशवींत जवस भरून ती पिशवी तेल काढण्याच्या नळीभोंवतीं बांधीत आणि नळी खालीं सोडीत. जवस पाण्यानें फुगे, आणि नळी व खडक ह्यांच्यामधील फट बंद होई. युक्ति नामी खरी, पण पिशवी कुजे. आणि दुरुस्तीसाठीं नळी वर काढली, कीं अडविलेलें सारें पाणी एकदम खालीं कोसळे. त्यामुळें पुढें पाणी अडविण्याचा नळ निराळा आणि तेल काढण्याची नळी निराळी अशी व्यवस्था आली. मात्र नळाची बाहेरची फट बुजविण्यास जवसाहून टिकाऊ पदार्थ पाहिजे होता.

तो पदार्थ येण्यापूर्वीं आणखी एक शोध लागला, आणि तो म्हणजे चिखलाचा. टेक्सास संस्थानांत बोमाँट गांवाजवळ स्पिंडलटॉप नांवाची एक बुटकी टेकडी आहे. तेथें कॅप्टन अँथनी ल्यूकस ह्या अभियंत्याच्या सांगण्यावरून हॅमिल बंधु विहीर खणीत होते. खालीं सुटी, वाहती वाळू. आपटणारी छिन्नी तेथें निरुपयोगी. म्हणून त्यांनीं फिरणारें यंत्र लाविलें. सुताराचें गिरमिट जसें लांकडांत फिरत जातें, तसें पोकळ नळीच्या टोकाला बसविलेलें पातें जमिनींत फिरत जातें. नळीच्या आंतून पाणी सोडतात, आणि तें पाणी भुगा घेऊन बाहेरच्या बाजूनें वर येतें. परंतु साध्या पाण्यानें वाळूच्या कडा थांबेनात. तेव्हां हॅमिल बंधूंनीं जवळच्या डबक्यांत गुरें घालून तीं इकडून तिकडे फिरविलीं आणि झालेला चिखल विहिरींत सोडला, असें सांगतात. चिखलाचा पातळ लेप कडांना बसला आणि वाळू थांबली. आपल्या घरांतली सारवण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्यांतलें मर्म निराळें समजावून सांगावयास नको.

१० जानेवारी १९०१ रोजीं हजार फुटांहून खालीं गेलेल्या ह्या विहिरींतून प्रथम चिखल, मग वायु आणि मग तेल शंभर फुटांहून उंच उसळलें. दिवसाला सुमारें एक लाख पिंपें तेल जात होतें असा अंदाज झाला, आणि विहिरीचें तोंड बंद करण्यास नऊ दिवस लागले. त्या कारंज्याचीं चित्रें जगभर गेलीं. पण तें कारंजें म्हणजे ताबा सुटल्याची खूण होती. विजयाची खूण म्हणून तें मिरविण्यांत आलें, ही त्या काळची समजूत.

चिखलाचें खरें महत्त्व पुढें ध्यानांत आलें. दहा हजार फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ तळाशीं दर चौरस इंचावर ४,३०० पौंडांहून अधिक दाब देतो. चिखलांत बराइटसारखी जड पूड मिसळली, कीं हा दाब आणखी वाढवितां येतो. खडकांतील तेल-वायूचा दाब वर येऊं पाहतो आणि चिखलाचें वजन त्याला खालीं दाबून धरतें. परंतु येथें अतिरेक चालत नाहीं. चिखल हलका झाला तर वायु आंत शिरतो. फार जड झाला तर वरचा कच्चा खडक फाटतो आणि चिखलच त्या भेगांत नाहींसा होतो. खालच्या थराला पुरेल इतका जड चिखल वरच्या थराला सोसत नाहीं. म्हणून वरचा थर आधीं नळ घालून बंद करावा, आणि मगच पुढें जावें. विहीर टप्प्याटप्प्यानें बांधीत न्यावी लागते, त्याचें कारण हें.

आतां सिमेंट. १९०३ मध्यें कॅलिफोर्नियांतील लोम्पोक येथें नळाच्या बुडाशीं सिमेंट घालून पाणी अडविण्यांत आलें. पुढें त्याच प्रांतांत आल्मंड पर्किन्स ह्यानें दोन बुचांची युक्ति काढली. पर्किन्सच्या हाताखालीं काम शिकलेल्या अर्ल हॅलिबर्टन नांवाच्या तरुणानें १९१९ मध्यें ओक्लाहोमांत स्वतःचा धंदा काढला, तेव्हां त्याच्यापाशीं उसना छकडा, खेचरें आणि एक पंप एवढेंच भांडवल होतें. आरंभीं तेलवाले त्याला उभा करीत ना; विहिरींत सिमेंट ओतणें त्यांना पैसे ओतण्यासारखें वाटे. कांहीं वर्षांतच सिमेंटावांचून विहीर ही कल्पना मागें पडली. ह्याच सुमारास, १९०९ मध्यें, हॉवर्ड ह्यूज ह्यानें कठीण खडक चिरडणाऱ्या दांतेरी शंकूंचें पातें काढलें. आणि १९२२ मध्यें ॲबरक्रॉम्बी व कॅमेरॉन ह्यांनीं विहिरीच्या तोंडावर बसवावयाची, उसळी येतांच मिटणारी भक्कम झडप तयार केली.

हे सर्व शोध एकत्र येऊन आजची विहीर कशी बांधली जाते, तें थोडक्यांत पाहूं. प्रथम तोंडाशीं एक रुंद नळ बसवितात. मग गोड्या पाण्याच्या थराखालीं जाईपर्यंत भोक पाडून तेथें दुसरा नळ, साधारणतः वीस इंच व्यासाचा, उतरवितात. एकेक नळ सुमारें चाळीस फुटांचा. ते आट्यांनीं एकमेकांत बसवीत नेतात. नळ तळाशीं टेंकला, म्हणजे त्याच्या आंतून एक बूच, त्यामागून पातळ कालविलेलें सिमेंट, त्यामागून दुसरें बूच आणि त्यामागून चिखल असा दाबानें सोडतात. पहिलें बूच सिमेंटाला आंतल्या चिखलापासून वेगळें ठेवतें. तळाशीं पोंचल्यावर तें फुटतें, आणि सिमेंट नळाखालून वळून बाहेरच्या फटींतून वर चढतें. दुसरें बूच तळाशीं अडलें, कीं सिमेंट जागीं पोंचल्याची वर्दी मिळते. मग तें घट्ट होईपर्यंत कांहीं तास वाट पाहावयाची, आणि दाब देऊन परीक्षा करावयाची. परीक्षा उतरली, तरच त्या नळांतून आणखी अरुंद पातें खालीं सोडावयाचें. असें करीत वीस इंचांच्या आंत सवातेरा, त्याच्या आंत साडेनऊ, त्याच्या आंत सात इंच असे नळांत नळ जातात. दुर्बिणीच्या नळ्या ओढून उघडाव्यात, तशी सबंध विहिरीची आकृति दिसते.

शेवटचा नळ तेलाच्या थराला ओलांडून जातो, आणि सिमेंटानें तोही बंद होतो. म्हणजे इतका खटाटोप करून आपण तेलालाही दार लावून घेतलें! मग नेमक्या त्या खोलीवर स्फोटक भरलेलें एक उपकरण तारेनें सोडतात आणि त्याच्या योगानें नळाला व सिमेंटाला बारीक छिद्रें पाडतात. सारें घर बंद करून एकच खिडकी, आपण निवडलेल्या जागीं, उघडावयाची, असा हा प्रकार आहे.

आपल्या देशांतील कथा आसामांत सुरू होते. दिगबोई येथें १८८९ मध्यें खणण्यास आरंभ झाला आणि १८९० मध्यें ६६२ फुटांवर तेल लागलें. १९०१ मध्यें तेथें तेलशुद्धीचा कारखाना निघाला. आपल्या पश्चिम किनाऱ्याची पाळी पुष्कळ उशिरां आली. १९७४ मध्यें, मुंबईपासून सुमारें दीडशें किलोमीटरांहून दूर, अरबी समुद्रांत 'सागर सम्राट' ह्या जपानांत बांधलेल्या तरत्या यंत्रानें आपले उंच पाय समुद्रतळावर रोवून खणण्यास सुरुवात केली. पाण्याची खोली सुमारें पाऊणशें मीटर. तेथील चुनखडकांत तेल सांपडलें, आणि मे १९७६ मध्यें उत्पादन सुरू झालें. 'बॉम्बे हाय' हें नांव तेव्हांपासून घराघरांत पोंचलें. आज त्या समुद्रांतला वायु नळांनीं उरणला येतो. समुद्रांत विहीर बांधणें म्हणजे वरचे पहिले पाऊणशें मीटर पाण्यांत उभे करणें होय. तेथें ढासळावयास माती नाहीं, पण लाटा आहेत आणि गंज आहे.

येथवर ही प्रगतीची हकीकत झाली. परंतु तिची दुसरी बाजू सांगितली नाहीं, तर हें भाषण अपुरें राहील. २० एप्रिल २०१० रोजीं मेक्सिकोच्या आखातांत सुमारें पांच हजार फूट पाण्याखालीं खणलेली मॅकाँडो नांवाची विहीर उसळली. खणणें पुरें झालें होतें. अठरा हजार फुटांहून अधिक खोली गांठली होती. राहिलें होतें तें तळाच्या सिमेंटाची खातरजमा करून विहीर तात्पुरती बंद करणें. सिमेंट धरलें नव्हतें. दाबाच्या परीक्षेंत तसें दिसत होतें, पण तिचा अर्थ चुकीचा लाविला गेला. जड चिखल काढून त्या जागीं समुद्राचें हलकें पाणी घालण्यांत आलें. आणि वायु वर आला. तोंडावरची झडपही मिटली नाहीं. अकरा माणसें मृत्यु पावलीं, आणि ८७ दिवस तेल समुद्रांत वाहत राहिलें. सरकारी अंदाजाप्रमाणें तें सुमारें ४९ लक्ष पिंपें होतें.

आपल्याकडे २०२० सालीं, दिगबोई ज्या तिनसुकिया जिल्ह्यांत आहे त्याच जिल्ह्यांत, बाघजान येथील वायूच्या विहिरीची दुरुस्ती चालली होती. खालीं सिमेंटचें बूच घालून तोंडावरची झडप काढण्यांत आली, आणि २७ मे रोजीं वायु उसळला. ९ जूनला त्यानें पेट घेतला. दोन अग्निशामक त्यांत दगावले. हजारों लोकांना घरें सोडावीं लागलीं, जवळच्या मागुरी बिलाच्या पाण्याची हानि झाली, आणि विहीर शांत होण्यास नोव्हेंबर उजाडला. एकशेंतीस वर्षांपूर्वीं ज्या मुलखांत ह्या विद्येचा आपल्याकडे श्रीगणेशा झाला, तेथेंच तिचा धडा असा पुन्हा गिरवावा लागला.

ह्या दोन्ही प्रसंगीं खणण्यांत कोणी चुकलें नाहीं. चूक झाली ती बांधण्यांत, आणि त्याहून अधिक, बांधलेलें पक्कें आहे किंवा नाहीं हें पाहण्यांत. ह्याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. खणण्याचें काम डोळ्यांना दिसतें; रोजचे फूट मोजतां येतात. सिमेंट हजारों फूट खोल अंधारांत बसतें, त्याची वाट पाहण्यांत यंत्राचें भाडें चढतें, आणि तें चांगलें बसलें तर कांहींच घडत नाहीं. जें चांगलें झाल्यानें कांहींच घडत नाहीं, त्याच्यासाठीं पैसा आणि वेळ देण्यास मनुष्य नेहमींच कुरकुरतो.

आणि विहिरीचें आयुष्य संपल्यावर तर ही कुरकुर अधिकच वाढते. तेल आटलें, म्हणजे विहीर सिमेंटच्या बुचांनीं ठिकठिकाणीं कायमची बंद केली पाहिजे. नाहीं तर जुना नळ गंजतो, आणि वेगळे ठेवलेले मजले पुन्हा एक होतात. अमेरिकेंत जुन्या मालकांनीं तशाच टाकून दिलेल्या, सरकारदप्तरीं नोंदलेल्या विहिरींची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या बुजविण्याचा खर्च आतां लोकांच्या करांतून होत आहे. तेल ज्यांनीं नेलें ते गेले. भोक मागें राहिलें.

म्हणून यापुढें वर्तमानपत्रांत एखाद्या नव्या तेलविहिरीची वार्ता वाचाल, तेव्हां ती किती खोल गेली एवढ्यावरच संतुष्ट राहूं नका. तिला अस्तर कोठपर्यंत घातलें, सिमेंटाची परीक्षा कोणी घेतली आणि तेल संपल्यावर ती बुजविण्याचा खर्च कोणाच्या माथीं आहे, हेंही विचारीत चला. ज्या समाजांत विहीर खणणें आणि विहीर बांधणें ह्यांना निराळे शब्द आहेत, त्या समाजाला हे प्रश्न सुचण्यास हरकत नसावी.